खडूचे नंबर

जुनं घर हलवायला काय लागतं, ते मला विचारा. कोराडीचं आमचं सागवानी घर खोलून नागपुरात उभारायचं होतं, तेही पावसाआधी. मिस्त्रींनी प्रत्येक लाकडावर खडूनं नंबर टाकले. पण माझे सोळा सोमवार चालू. ओवळं लाकूड कसं चढू द्यायचं? मी एकेक वासा धुऊन काढला.

मिस्त्री बघतच राहिले. "वहिनी, नंबर काहून पुसले? आता कोणतं कुठचं, ते तुमच्या महादेवालेच इचारा."

मी खरंच डोळे मिटून विचारलं. जुनं घर स्वप्नासारखं समोर आलं. मी बोट दाखवत गेले, ते लावत गेले. छप्पर वेळेत चढलं. फक्त देवघरावर एक वासा तोकडा पडला.

पावसाळ्यात हे कुरकुरतात, "पिंडीवर पाणी टपकून राहिलं ना वं."

मी म्हणते, "त्यालेच इचारलं होतं. त्यानं आपली सोय पाहून घेतली."