खालच्या खणातले सात दिवस

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील ज्येष्ठ वकील मंडळी, सरांच्या घरची माणसं आणि जागा नाही म्हणून मागे उभे राहिलेले माझे सहकारी,

सरांच्या निवृत्तीच्या या समारंभात वकिलाला पाच मिनिटं देण्यातला धोका ठाऊक असूनही अध्यक्षांनी ती मला दिली, याबद्दल आधीच आभार मानते.

कंपन्यांचे खटले कसे लढवायचे, हे मी सरांकडे शिकले. अशिलाचं रडगाणं नंतर ऐक, आधी सभेचं इतिवृत्त वाच, नोटीस कधी निघाली ते बघ, असं ते सांगायचे. पहिलं वर्षभर मी नुसत्या तारखा मोजल्या. पण सरांचा एक नियम कुठल्याच पुस्तकात नव्हता. भांडणारे एका घरातले असले, की कोर्टात द्यायचा तयार अर्जसुद्धा सात दिवस टेबलाच्या खालच्या खणात राहायचा. का, असं विचारलं तर म्हणायचे, "राग थोडा शिळा होऊ दे."

मला तो म्हातारपणाचा हट्ट वाटायचा. आज सांगताना लाज वाटते.

एका बहिणीला थोरल्या भावाने संचालक मंडळातून काढलं होतं. कंपनी वडिलांनी उभारलेली. सभेची नोटीस तिला पाठवलीच नव्हती, म्हणजे केस पक्की. सर तेव्हा काकूंच्या ऑपरेशनमुळे हॉस्पिटलात होते. अर्ज खणात मीच ठेवला होता, दिवस मोजणारीही मीच. तिसऱ्या दिवशी काढला आणि दाखल केला.

पाचव्या दिवशी तो भाऊ ऑफिसात आला. एकटाच. एका हातात आम्ही पाठवलेली अर्जाची प्रत, त्याच सकाळी मिळालेली. दुसऱ्या हातात बहिणीला मंडळावर परत घेण्याचा ठराव, स्वतःच्या हाताने लिहिलेला. म्हणाला, "हा द्यायला निघालो होतो. आता कोर्टातच बघू." आणि कागद घेऊन जिना उतरला.

आपण जिंकलो, सर. तुम्ही माझी पाठ थोपटलीत. पुढच्याच वर्षी तो गेला, बहिणीशी एक शब्दही न बोलता. तुम्ही हळहळून म्हणालात, सात दिवस थांबलो होतो ना आपण, तो आलाच नाही. मी मान डोलावली.

सर, तो आला होता.

बारा वर्षं हे मी लपवून ठेवलंय. काल त्या ताईंना जाऊन सांगितलं. त्यांच्या परवानगीनेच इथे बोलते आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "अक्षर दादाचंच होतं का?"

हो म्हणाले. दुसरं काय देणार होते मी त्यांना?

आज सकाळी सरांनी त्या खणाची किल्ली माझ्या हातात दिली. ती घेण्याआधी बोलायला हवं होतं, पण बंद खोलीत जीभ रेटली नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने ते पोटात घालावं. सर, तुम्ही मात्र घाई करू नका. माझी चूक सात दिवस खणात ठेवा, आणि मग काय ते सांगा.