दात पाडणारी गोळी

तोरू : नाही आली, काका. काल नव्हती, परवा नव्हती, आज पण नाही. आता आलाच आहात तर बसा, चहा घ्या.

शिगेझो : चहा प्यायला नाही आलो. त्या आयातवाल्याला फोन केलास का?

तोरू : केला. तो म्हणतो, अमेरिकेतल्या कारखान्यानंच ती बनवायची बंद केली. तुमची ती एकशे पासष्ट ग्रेन वजनाची संपली. माझ्या दुकानातून नाही, सगळीकडूनच.

शिगेझो : बंद कशी करतील? चांगली गोळी होती ती.

तोरू : चांगल्याच आधी जातात, काका.

शिगेझो : हं. सेत्सू पण आधीच गेली.

तोरू : म्हणजे... मी गोळीबद्दल बोलत होतो.

शिगेझो : कळलं. तसा अर्थ नव्हता तुझा. चहा कर तू.

तोरू : करतो. तोवर ही दोन खोकी बघून घ्या. कपाटात तुमच्या बंदुकीला चालणारी एवढीच आहेत. ही एकशे पन्नासची, हलकी. जाते जोरात. आत गेली की पुढच्या चारी पाकळ्या तुटून चार बाजूंना जातात आणि बूड सरळ पलीकडे. हरीण जागच्या जागी बसतं. सगळी पोरं हीच नेतात.

शिगेझो : पोरांना नेऊ दे. ही दातवाली आहे.

तोरू : दातवाली?

शिगेझो : होक्काइदोत शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली, त्या हंगामात तुझ्या बापानं हीच गळ्यात मारली होती मला. म्हणाला, तांब्याची आहे, नवी आहे, घेऊन जा. तुटलेली पाकळी राहिली मांसात. मिसोच्या रश्शात शिजली आणि आली सेत्सूच्या दाढेखाली. दाढेचे दोन तुकडे.

तोरू : अरे देवा. मग काकू काय म्हणाल्या?

शिगेझो : तोंड दाबून बसली. मग म्हणाली, "मेलेली हरणं खाऊन गरुडांच्या पोटात शिसं जातं म्हणून सरकारनं कायदा केला. गरुड वाचले, माझी दाढ गेली. माझ्यासाठी कोण कायदा करणार?"

तोरू : हसू नये, पण...

शिगेझो : हस की. ती पण हसायची नंतर. पण ही गोळी पुन्हा घरात येऊ दिली नाही तिनं. ठेव ती आत.

तोरू : बरं. मग ही घ्या, एकशे ऐंशीची. जड आहे. पाकळ्या उमलतात, पण तुटत नाहीत. काकूंची अट पूर्ण झाली.

शिगेझो : उमलायला वाटेत काही अडावं लागतं, तोरू. हरणाच्या दोन फासळ्यांमधून गेली तर? सुई टोचल्यासारखी इकडून तिकडे. हरीण पळत सुटतं, बांबूच्या झाडोऱ्यात शिरतं आणि कुठंतरी तडफडत मरतं. सापडतं कोल्ह्याला.

तोरू : म्हणून तर सांगतो, फासळीवर मारूच नका. खांद्यावर धरा. हाड लागलं की उमलते. हरीण तिथंच पडतं.

शिगेझो : आणि खांद्याचा लगदा होतो. खांदा फुकट.

तोरू : एक खांदा, काका!

शिगेझो : एक का होईना. तसला काळानिळा खांदा सेत्सू ताटात काढून माझ्यासमोर ठेवायची. "बघा, तुमची कर्तबगारी."

तोरू : हलकी नको, दात पडतो. जड नको, खांदा जातो. हवी ती निघत नाही. मी काय करू, सांगा. घरी साच्यात ओतून देऊ का?

शिगेझो : माझ्यावर ओरडू नकोस. तुझा बाप गिऱ्हाइकावर कधी ओरडला नाही.

तोरू : माझ्या बापाकडे तुम्ही रोज येऊन रिकाम्या हातानं परत जात नव्हता! आणि शिकारी टोळीच्या मोरितानींना काय सांगू? तुमच्या मिचियोच्या मक्यात अस्वल शिरलंय. टोळीत तुमच्याइतकी अस्वलं कुणी बघितली नाहीत. शिगेझो येणार की नाही, म्हणून ते रोज विचारतात. आणि अस्वलाला तर ही जडच लागते.

शिगेझो : गोळीच नाही तर येऊ कसा?

(दाराची घंटा वाजते. शिगेझोची मुलगी मिचियो गोठ्यातल्या रबरी बुटांनिशी आत येते.)

मिचियो : बाबा, गाडीत बसून पाय गोठले माझे. झालं का?

शिगेझो : नाही झालं. गोळी नाही त्याच्याकडे.

मिचियो : समोर दोन खोकी आहेत ती कसली? बिस्किटांची? तोरूदादा, तू खरं सांग मला. गोळी नाही, की यांना जायचंच नाही?

तोरू : मला नको मध्ये घेऊ, मिचियो.

शिगेझो : तू गप्प बस. तुला काय कळतं गोळीतलं?

मिचियो : आणि आईला काय कळत होतं? जन्मात बंदूक हातात धरली नाही तिनं.

शिगेझो : तिला मांस कळत होतं. मी यायचो छाती फुगवून, काय नेम लागला म्हणून. ती कापायला बसायची, बोटं फिरवायची आणि सांगायची. गोळी वाकडी गेली. ही फुटली. ही उघडलीच नाही, पुढच्या वेळी आणू नका. मी कुठली गोळी निवडली गं? मी फक्त इथून घेऊन जायचो.

मिचियो : मग हे सांगायचं ना आधी. वसंतात आई गेली तेव्हापासून बंदूक पुसत बसलाय नुसते. मला वाटलं, रागावलाय माझ्यावर.

शिगेझो : तुझ्यावर कशाला रागावू? काय सांगायचं होतं? गोळी घेतली, हरीण पाडलं, घरी आणलं. पुढे? मी चुकलो हे मला कोण सांगणार?

मिचियो : बाबा...

शिगेझो : स्मशानात तिच्या अस्थी वेचायला त्या लांब काड्या दिल्या आपल्याला. तू पायाकडून वेचत होतीस. मी जबड्यात ती दाढ शोधत होतो. उरलेल्या अर्ध्या दाढेवर सोन्याची टोपी बसवली होती. काही नव्हतं तिथं. तिथला माणूस म्हणाला, सोनं वितळतं.

मिचियो : तुम्ही एवढे वाकलात, मला वाटलं चष्मा विसरलात.

शिगेझो : चष्मा होता.

तोरू : चहा... गार होतोय तुमचा. मी ही खोकी आत ठेवतो, काका. आज राहू दे.

शिगेझो : थांब. मिचियो, खांदा गेला तर चालेल तुला?

मिचियो : मला? का चालेल? हाडाच्या चुऱ्यातून मांस वेचत कोण बसणार, मीच ना? शिव्या घालीन मी तुम्हाला. आईसारख्या जमायच्या नाहीत, पण घालीन.

शिगेझो : आधी कापता येईल का तुला? ते काही दुकानातलं पाकीट नाही.

मिचियो : अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते मी, बाबा. मला विचारता?

शिगेझो : बोटं फिरवायची. प्रत्येक तुकड्यावरून. नुसतं बघून कळत नाही.

मिचियो : फिरवीन.

शिगेझो : आणि गोळी वाईट गेली असेल तर तोंडावर सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून खोटं नाही बोलायचं.

मिचियो : तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी आजवर काय केलंय?

तोरू : हे मात्र खरं, काका.

शिगेझो : तू नको बोलूस. जडवाली दे. दोन खोकी. एक नेम जुळवण्यातच जाईल, नवी गोळी ही बंदूक कुठं फेकते ते बघावं लागेल. हा घे परवाना.

तोरू : आणि मोरितानींना?

शिगेझो : सांग, येतो. पण म्हणावं, मी गेल्याशिवाय मक्यात कुणी शिरायचं नाही. आणि त्या दातवाल्या गोळ्या घेऊन कुणी माझ्या शेजारी उभं राहायचं नाही.

तोरू : सांगतो. अगदी असंच सांगतो.

मिचियो : चला आता, दूध काढायची वेळ झाली. बाबा, आईची मांसाची सुरी कुठंय? मी परवा शोधली, ओट्यावर नव्हती.

शिगेझो : बेसिनखालच्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूनं. ती ठेवायची तिथंच. जपून काढ. मी धार लावत असतो तिला.