शुक्रवारी लूम बंद असतात

सुचेता : माझ्या लोणच्याच्या बरणीत हे खेळण्यातलं इंजिन कोणी पोहायला सोडलंय?

हरी : पोहत नाहीये ते. जुना रंग सुटायला ठेवलंय. ब्रेक ऑइल आहे, हात घालू नकोस.

सुचेता : नाही घालत. लिंबं चिरून ठेवलीत, ती कशात घालू तेवढं सांगा. तुमच्या मालडब्यात?

हरी : बरणी रिकामी दिसली म्हणून घेतली.

सुचेता : रिकामी होती, कारण मी ती धुऊन उन्हात वाळवली होती. लोकांकडे धुतलेल्या बरणीत लोणचं पडतं. आपल्याकडे अमेरिकेच्या इंजिनाचं अभ्यंगस्नान.

हरी : अगं, आसावरीनं दोन पाठवली ना, त्यातलं हे दुसरं. पहिलं झालंय तयार.

सुचेता : पहिलं तयार आहे तर दुसऱ्याला कशाला सोलताय?

हरी : असावं एक सुटं.

सुचेता : असावं, असावं. पोरीनं तिकडून केवढ्या प्रेमानं पाठवली दोन्ही. पिवळीधमक, चकचकीत. तुम्ही आधी तेलात बुडवलीत.

हरी : आपल्या रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन मुळात त्यांच्याच नकाशावरून आलंय. फरक थोडासाच. त्यांच्याकडे धक्के झेलणारे बफर नसतात, ते मी पत्र्याचे केले. खाली गुरं अडवायची जाळी लावली. बाकी सगळा रंगाचा खेळ.

सुचेता : रंग सुंदर दिलात, मी कुठं नाही म्हणते? नक्षीसारखा दिलात. आणि मग त्यावर काजळी फासलीत.

हरी : त्याला वेदरिंग म्हणतात. ऊन, पाऊस, धूर खाल्लेलं दिसायला हवं.

सुचेता : आमच्यात त्याला मळवणं म्हणतात. जन्मभर मी तुमच्या कॉलरी घासत बसले. ते वेदरिंग होतं हे आधी सांगितलं असतंत, तर माझी मनगटं तरी वाचली असती.

हरी : झालं तुझं बोलून? मला काम करू दे. आज शांतता आहे तोवर इंजिनाचा नंबर टाकायचाय, डब्यांच्या पाट्या लिहायच्यात.

सुचेता : मागच्या शुक्रवारीही शांतता होती.

हरी : रंग वाळला नव्हता.

सुचेता : त्याच्या आधीच्या?

हरी : हवा दमट होती.

सुचेता : आणि बाकीचे सगळे वार?

हरी : बाकीचे वार शेजारच्या कापडाच्या कारखान्यात लूम चालू असतात. टेबलापर्यंत धक्के येतात त्यांचे. तांदळाएवढा आकडा काढायचाय, खेळ आहे का? शुक्रवारी लूम बंद असतात तेव्हाच जमेल ते.

सुचेता : मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून भिंतीपलीकडे लूम खडखडतायत. याच टेबलावर रात्रंदिवस तुम्ही पालिकेचे नकाशे काढलेत, शाईनं. तेव्हा नाही हललं टेबल. अख्ख्या भिवंडीची गटारं सरळ आली.

हरी : कागदावर.

सुचेता : कागदावर तरी आली. बरं, गाडी निवडलीत ती कुठली? माणसं राजाराण्यांच्या गाड्या करतात, जेवणाचे डबे, पडदे. तुमची निवड काय, तर दिवा–वसई पॅसेंजर. कधी येणार ते तिचं तिलाच ठाऊक नसायचं.

हरी : खारबावच्या शाळेला हीच हवीय. आणि तू जायचीस की तिनं तिथं शिकवायला.

सुचेता : जायचे काय? वाट बघायचे. जाण्याचा भाग त्यात फार थोडा होता.

काळूराम : बाई, येऊ का आत?

सुचेता : ये रे, काळूराम. चपला बाहेर काढ. आत रेल्वेच्या कारखान्याचं काम चालू आहे. शाळेच्या समितीचा अध्यक्ष झालास तरी दारात उभा राहून विचारतोस. मी शिकवलेलं एवढंच राहिलं वाटतं.

काळूराम : बाई, तुमचा भ्या न्हाय जात. गोदामात माझ्या हाताखाली येवढी मानसं हायेत, पन तुमी दिसल्या का मना पाढे आठवतान.

सुचेता : आठवतात?

काळूराम : न्हाय आठवत. म्हनूनच तर भ्या वाटतो. ह्या वालाच्या शेंगा, आयनं दिल्यान. सर, झाली का गाडी? आयतवारी कार्यक्रम हाय, मी उद्या न्यायला येतंय.

हरी : ती बघ. हात न लावता बघ.

काळूराम : आयो! हीच ती. विटकरी डबे. आय ह्याच दारात टोपल्या घेऊन बसायची, शेंगा, भेंडी, काय काय. मना म्हनायची, गाडी आली का मना हाक मार. मी शाळेच्या खिडकीत बसून गाडीच बघायचो.

सुचेता : म्हणून पाढे राहिले.

काळूराम : म्हनूनच राह्यले, बाई. आन् इंजिन पन बगा, आसाच काळवंडलेला. सर, तुमच्या हाताला तोड न्हाय. पन येक बोलू का? रागवू नका.

हरी : बोल.

काळूराम : समितीची मानसं बोलतान, काचेच्या पेटीत ठेवायचा हाय, वर लायटी लावल्यात. पावने येनार, फोटो निघनार. तर जरा पुसून द्या. नवाकोरा दिसला पायजे.

हरी : पुसून?

काळूराम : फडका मारायचा खाली. ही काजळी, हा गंज. ऱ्हाऊ द्या, मीच मारतो. बाई, येक फडका द्या.

हरी : हात लावू नकोस त्याला!

काळूराम : न्हाय लावला, सर.

हरी : ती गाडी कधी नवीकोरी दिसली होती का? तुझ्या आईच्या टोपल्या चकाचक डब्यात होत्या? पुसायचीच असेल तर गाडी ठेवूच नका. तुमच्या बॅनरवरची माणसं बसवा त्या पेटीत, ती बरी गोरीगोमटी असतात!

सुचेता : अहो, केवढ्यानं ओरडताय. फडका म्हणाला तो, करवत नाही.

हरी : एक ठिपका पुसायचा नाही. सांगून ठेवतो.

काळूराम : न्हाय पुसत, सर. मी समजावतो मानसांना. नंबर तेवढा ऱ्हायलाय ना? त्या बिगर इंजिन कसा मुका वाटतो.

हरी : आज टाकतो. आज लूम बंद आहेत.

काळूराम : हां, आज शुक्करवार. मग झालाच समजा. येतंय बाई. चाय नको, आयला दवाखान्यात न्यायचा हाय.

(काळूराम जातो. सुचेता दार लावते आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसते.)

सुचेता : भिंग द्या इकडे.

हरी : कशाला?

सुचेता : तुमची काजळी बघायचीय. एवढ्यानं ओरडलात तिच्यासाठी, म्हणजे काहीतरी मौल्यवान असणार. हा गंज कसला?

हरी : पाणी झिरपतं तिथून. खऱ्या इंजिनालाही तिथंच धरतो.

सुचेता : आणि ही काजळी?

हरी : धुराची.

सुचेता : धूर वरून निघतो. काजळी खाली, दाराच्या बाजूला. नेमकी तुम्ही मारलेल्या पिवळ्या रेघेवर.

हरी : उडते ती. वाऱ्यानं.

सुचेता : वारा फार समंजस आहे हो. इथं रेघ सरळ आहे, तर इथं लख्ख. पुढे रेघ जरा वाकडी गेली की लगेच गंज. परत सरळ झाली, परत लख्ख. आणि इथं तर चांगलीच घसरलीय, म्हणून इथं काजळीचं भलं मोठं बोट.

हरी : तुला त्यातलं कळत नाही.

सुचेता : इंजिनातलं नाही कळत. वह्यांमधलं कळतं. अक्षर चुकलं की पोरं त्यावर शाईचा डाग पाडायची. बाई, दौत सांडली. जन्मभर सांडलेल्या दौती तपासल्यात मी.

हरी : लूममुळे झालं ते.

सुचेता : आज बंद आहेत. काढा नंबर. हा ब्रश, हा पांढरा रंग.

हरी : चष्मा कुठं गेला?

सुचेता : नाकावर आहे.

हरी : तू अशी टक लावून बघत बसलीस की नाही जमत मला.

सुचेता : बरं. ही बघा, पाठ केली. भिंतीकडे तोंड करून बसते, वर्गातल्या ढ पोरासारखी. करा सुरू.

हरी : करतोय.

सुचेता : ब्रश बाटलीत आहे ना अजून?

हरी : रंग घेतोय.

सुचेता : ऐकू येतोय मला. काचेच्या काठावर टकटक, टकटक, टकटक. शुक्रवारी लूम बंद असतात, अहो. मग हे काय चालू आहे?

हरी : वळू नकोस इकडे.

सुचेता : नाही वळत.

हरी : कधीपासून माहितीये तुला?

सुचेता : तुम्ही बशीतून चहा प्यायचं सोडलंत तेव्हापासून. सगळा जन्म फुरके मारलेत, माझ्या माहेरच्यांसमोर, विहिणीसमोर. एकाएकी सभ्य झालात आणि स्टीलचा पेला मागायला लागलात, तोही अर्धा. तेव्हापासून तुमच्या हाताकडे बघतेय मी.

हरी : मग बोलली का नाहीस?

सुचेता : तुम्ही सांगाल म्हणून थांबले. वाट बघायची सवय आहे मला. दिवा–वसईनंच लावली.

हरी : हे दुसरं इंजिन त्यासाठीच सोललं. म्हटलं, पहिलं बिघडलं तर बिघडलं, यावर नीट करू. दोनदा रंगवलं, दोनदा परत तेलात टाकलं.

सुचेता : आणि मी आपली लोणच्याला रडत होते.

हरी : रेघ मारणं एवढंच येत होतं मला, सुचेता. पालिकेत साहेब बदलायचे, पण अवघड नकाशा आला की म्हणायचे, हरीला द्या. आता साधा एक आकडा निघत नाही. मग मी कशाचा राहिलो?

सुचेता : एवढंच येत होतं हे खरंय. भाजी आणायला गेलात तर दुकानदार तुम्हाला बघून कालची जुडी काढतो. गॅस लावता येत नाही. पण मी काही रेघेशी लग्न केलं नव्हतं.

हरी : थट्टा करू नकोस.

सुचेता : थट्टा केली नाही तर रडू येईल. ते हवंय का तुम्हाला? वळू का आता?

हरी : वळ.

सुचेता : सोमवारी ठाण्याला जायचं. डॉक्टरकडे.

हरी : तो त्याला एक नाव देईल. नाव दिलं की ते कायमचं आपल्या घरात राहायला येतं.

सुचेता : बिननावाचं आलेलंच आहे की राहायला. तुमच्याच पेल्यातून चहा पितं, तुमच्याच चमच्यानं आमटी सांडतं. नाव कळलं तर निदान हाक मारून दटावता तरी येईल.

हरी : घाबरलोय मी.

सुचेता : मीही घाबरलेय. म्हणून तर एकट्यानं घाबरू नका म्हणतेय. सोमवारी जायचं का?

हरी : जाऊ.

सुचेता : आसावरीलाही सांगायचं. आज.

हरी : तिला नको. उगीच काळजी करत बसेल तिकडे.

सुचेता : मग ती आणखी दोन इंजिनं पाठवेल आणि माझ्या आणखी दोन बरण्या जातील. सांगायचं.

हरी : बरं, सांगू. पण हा नंबर? उद्या काळूराम येईल. तू लिहितेस? तुझं अक्षर चांगलं आहे.

सुचेता : माझं अक्षर फळ्यावरचं. मागच्या बाकावरून दिसेल असं. त्या इंजिनावर माझा एक आकडा नाही मावायचा. तुमचं मनगट द्या इकडे.

हरी : काय करतेस?

सुचेता : पहिलीतल्या पोरांना असंच धरून गिरवायला शिकवलं. आज समितीचा अध्यक्ष झाला तोसुद्धा असाच शिकला. आकडे तुम्ही काढायचे. मी फक्त धरणार.

हरी : आणि ती काजळी? खरं सांग, पुसून टाकू का? दिसू दे वाकडं तर दिसू दे.

सुचेता : खबरदार. ती गाडी अशीच होती, मी रोज बघितलीय. समितीला मी बघून घेते. त्यातल्या अर्ध्यांचे कान माझ्या ओळखीचे आहेत.

हरी : कोपर टेकव टेबलावर. हां. आता श्वास धर.

सुचेता : तुम्ही का मी?

हरी : दोघांनी.

सुचेता : धरला.

हरी : बोलू नकोस मग.

सुचेता : झाला?

हरी : झाला. एक आकडा आला. बघ भिंगातून.

सुचेता : चांगला आलाय. डाग पाडायची गरज नाही.

हरी : सुचेता...

सुचेता : आता काय?

हरी : तुझा हात थरथरतोय.

सुचेता : लूम चालू झाले असतील.

हरी : आज शुक्रवार आहे.

सुचेता : माहितीये मला. तुम्ही पुढचा आकडा काढा.