काकूंनी मधेच सोडलेली साईट

वेब डिझाईन शिकत होतो तेव्हाचं सांगतो. दुष्काळ लई होता, शहर वाढत पार बाहेरच्या चितेगावापर्यंत सरकत चाललं होतं अन् नळाला आठवड्यातनं एकदाच पाणी. म्हणून मी अन् इम्राननं ग्रुप प्रोजेक्टला साईटच ती केली: आपली कॉलनी निवडा, पाणी कधी येणार ते कळंल. क्लासच्या मॅडमची ताकीद होती, "वापरणाऱ्याला समोर बसवा अन् गप्प बघा. मदत अजिबात करायची नाही."

आम्ही घरमालकीण काकूंना लॅपटॉपसमोर बसवलं. काकूंनी शोधत शोधत बरोबर बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, 'पाणी उद्या येईल.' आम्ही खूश! तेवढ्यात मोरीतला नळ खरखरला. काकू ताडकन उठल्या.

"काकू, अजून एक पान राहिलंय," मी म्हणलो.

"पान ऱ्हाऊ दे, हंडा धर!"

इम्रान जागचा हलंना. "मॅडम बोले ना, मदद नहीं करना."

"तुझ्या मॅडमला बी बोलव, टाकी मोठी हाय!"

टाकी भरून तसेच ओले क्लासला गेलो. मॅडमनी विचारलं, "त्यांनी साईट मधेच का सोडली?"

"नळ आला, मॅडम."

मॅडम हसायला लागल्या अन् मधेच थांबल्या. "अरे, आमची लाईन तीच की!" पर्स उचलून निघाल्याच.

आता पुण्यात माझ्या कंपनीत मीटिंगा होतात, लोक साईट मधेच सोडून का जातात म्हणून. सगळे डोकं खाजवतात. मला वाटतं, पाणी आलं असंल बिचाऱ्यांकडं.