डोळे मिटून पाहिलेली विळी

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. वसुधाकाकूंच्या कन्या अनघाताई, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या शिप्रादी, मराठी मंडळातले काका-काकू, या संग्रहालयातली माणसं, तुम्हा सगळ्यांना.

मला सभेत बोलायची सवय नाही. मी सियालदहजवळच्या गल्लीत गलाईच्या दुकानात काम करतो. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, हा आमच्या खानापूर तालुक्यातल्या निम्म्या पोरांचा धंदा. भट्टीसमोर बोलायला लागत नाही. पण शिप्रादी म्हणाल्या, तू बोल, तुझ्या भाषेत बोल, आम्हाला कळेल तेवढं कळेल. म्हणून उभा राहिलो.

मागच्या आठवड्यात वसुधाकाकू गेल्या. आत्तापर्यंत इथे जे बोलले त्यांनी सांगितलं, काकू शांत होत्या, मायाळू होत्या, देवमाणूस होत्या. मला खरं सांगा, आपल्या काकू शांत होत्या?

हसताय ना? म्हणजे तुम्हालाही माहीत आहे.

माझी अडचण हीच आहे. काकू म्हणायच्या, वस्तूचं वर्णन करताना माया आड आली की डोळे खोटं बोलतात. आणि आज मला काकूंचंच वर्णन करायचंय. चूक होणार. तरी करतो.

त्यांची माझी ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. मी वाढायला होतो. त्यांनी विचारलं, "काय रे, शिकलायस किती?"

म्हटलं, "नववी. तीपण अर्धी."

"वा! मला असाच माणूस हवाय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी नववी ऐकून वा म्हटलं.

तेव्हा इथल्या संग्रहालयातल्या वस्तूंची यादी सगळ्या लोकांसाठी खुली करायचं काम काकूंकडे होतं. कुणीही मोबाईलवर वाचावी, ज्याला दिसत नाही त्याने ऐकावी. जुन्या यादीत काय होतं? 'हुक्का, घरगुती, एक नग.' संपलं. काकू म्हणायच्या, हे वर्णन नाही, ही पावती आहे. लोकांनी यात काय बघायचं? म्हणून त्यांनी एकेक वस्तू पुन्हा लिहायला घेतली. त्या आधी मराठीत लिहायच्या, मग शिप्रादी आणि त्या मिळून बांगला करायच्या. आणि मधे मी.

माझं काम सोपं. दुकानाला सुट्टी असली की इथे यायचं, मागच्या खोलीत स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे. काकू वाचणार. वस्तू डोळ्यांसमोर आली तर "दिसली" म्हणायचं. नाही आली तर "दिसत नाही".

पहिल्या दिवशी त्यांनी वाचलं, "सुंदर नक्षीचा हुक्का."

मी म्हटलं, "दिसत नाही."

"का?"

"सुंदर म्हणजे काय, काकू? मामाने माझ्यासाठी बघितलेली मुलगीपण सुंदरच होती."

काकू हसल्या. आधी नुसते खांदे हलले, आवाज नंतर आला. तुम्हाला आठवतं ना त्यांचं हसणं? त्या दिवसापासून सुंदर, सुबक, भव्य असले शब्द बंद. हुक्क्याची करवंटी केवढी, काळी की तांबूस, नक्षीत पानं की मासे, ते सांगायचं. आणि तडा असेल तर तडा आधी. "लपवायचं नाही," म्हणायच्या, "तड्यावरूनच माणूस वस्तू ओळखतो."

मी एका ठिकाणी टिकणारा माणूस नाही. सुरत झालं, हैदराबाद झालं, हावड्यात ओतकामाचा कारखाना झाला, मग सियालदह. काकू म्हणायच्या, "पायाला भिंगरी आहे तुझ्या. निदान तासभर डोळे मिटून बस." आणि मी बसायचो. का बसायचो? कारण या शहरात दिवसभर मोडकं हिंदी आणि अर्धं बांगला बोलून तोंड दमतं. इथे कुणीतरी मराठीत माझ्याशी हळूहळू, एकेक शब्द निवडून बोलायचं. लहानपणी आई जेवताना गोष्ट सांगायची, त्यानंतर असं कुणी बोललं नव्हतं.

आता विळीचं सांगतो.

हावड्यातल्या एका जुन्या घरातून सामान आलं होतं. हावड्यातून आलं हे सगळ्यांना माहीत होतं. काकूंनाही. त्यात एक पाट निघाला, त्यावर लोखंडी पातं, टोकाला खवणी. काकूंनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. त्या दिवशी त्यांनी काही मोजलं नाही, काही तपासलं नाही. बसल्या आणि लिहीतच सुटल्या. मग मला म्हणाल्या, "मीट डोळे."

वाचलं ते असं, की विळी, कोकणातली. मागच्या पडवीत बायका हाताला तेल लावून फणस चिरतायत. चिकाचा वास. बाहेर समुद्राचा आवाज.

मी म्हटलं, "दिसली! समुद्रपण दिसला!" मी तर दुष्काळी भागातला, समुद्र कुठला माहीत असायला?

तेवढ्यात शिप्रादी चहा घेऊन आल्या. पाटाकडे बघून ओरडल्या, "ओ दीदी! एटा तो आमार दिदिमार बोंटी!" म्हणजे ही तर माझ्या आजीची बोंटी. "आमची बोंटी कोकणात कशी पळवली?"

काकू म्हणाल्या, "विळी आहे ही. यावर फणस चिरतात."

"फणस? यावर इलिश कापतात, इलिश!"

मग काय जुंपली! मी मधे डोळे मिटून बसलेलो. उघड असं कुणी म्हणेना. एका कानाने फणस येतोय, दुसऱ्या कानाने मासा. मी शेवटी म्हटलं, "काकू, आता काहीच दिसत नाही, नुसता वास येतोय."

काकूंनी चष्मा काढला, पुसला. मग मोठ्याने म्हणाल्या, मराठीत म्हणाल्या आणि शिप्रादींसाठी बांगलातही म्हणाल्या, "मी चुकले. घरची आठवण आली की हात आपोआप लिहितो. तिथेच थांबायला हवं." आणि ते सगळं खोडलं. पडवी, फणस, समुद्र. खोडताना एकेक ओळ पुन्हा वाचत होत्या. त्यांचं रत्नागिरीकडचं घर कधीच विकलं गेलंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग तिघांनी मिळून पुन्हा सुरुवात केली. खवणीचे दोन दाते मोडलेले. लाकडाला उभी चीर, ती खिळा मारून सांधलेली. पातं मधे झिजून आत गेलेलं. आणि पाटाच्या उजव्या बाजूला, जिथे बाई गुडघा टेकवून बसत असणार, तिथे लाकूड गुळगुळीत, बशीसारखं खोलगट. बाकी सगळीकडे खरबरीत. बास. घर कुठलं ते नाही. काय चिरलं ते नाही. तरी ती बाई दिसत होती. कोण ते माहीत नाही, पण बसलेली दिसत होती.

ते वर्णन मला पाठ झालं. मी आईला फोनवर म्हणून दाखवलं. नाव सांगितलं नाही. आई म्हणाली, "आरं, ही आपलीच इळी की! तिकडं कशी गेली?"

आई हसत होती, आणि मी सियालदहच्या गल्लीत भिंतीला टेकून उभा होतो.

काकूंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "नाव नव्हतंस ना सांगितलं?"

"नाही."

त्या खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "झालं मग काम."

आज ती नोंद कुणालाही बघता येते. वर लिहिलंय बोंटी. शेवटी एक ओळ आहे, महाराष्ट्रात हिला विळी म्हणतात. फणस नाही. इलिश नाही. शिप्रादी, तुमचा अजून राग आहे ना, इलिश गेला म्हणून?

मी गावाहून परत आलो की काकू उलटं करायच्या. स्वतः स्टुलावर बसायच्या, डोळे मिटायच्या. "हं, सांग तुझं घर." मी सांगायचो, दारात बाभळ आहे. "कुठल्या बाजूला वाकलीय?" मला आठवायचं नाही. मी तिथूनच आईला फोन लावायचो, आई, आपली बाभळ कुठं वाकलीय गं? आई म्हणायची, पोरगं तिकडं जाऊन येडं झालं. पण उत्तर मिळेपर्यंत काकू डोळे उघडायच्या नाहीत.

आता माझं घर असं कोण विचारणार?

शेवटचं सांगतो. काकूंच्या पद्धतीने सांगतो. आपण सगळे उभे राहू या. डोळे मिटा. अनघाताई, तुम्हीपण.

वसुधाकाकू. आधी तडा. उजवा गुडघा अधू, जिन्यात कठड्याला धरून थांबायच्या आणि भिंतीवरचं चित्र बघतोय असं दाखवायच्या. रागीट. एकदा मला चालता हो म्हणाल्या, आणि मी जिना उतरल्यावर वरून ओरडल्या, छत्री राहिली तुझी. उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. हातात पांढरे सुती मोजे, फक्त बोटांच्या टोकांना मळलेले. वस्तू उचलायच्या आधी दोन्ही हात क्षणभर हवेत थांबायचे. बेहालाच्या घरून येताना पिशवीत डबा, त्यात एक पोळी जास्तीची. ती कुणासाठी, ते नोंदीत लिहीत नाही.

एवढंच. सुंदर म्हटलं नाही, काकू.

आता थोडा वेळ कुणी काही बोलू नका. ज्याला दिसल्या, त्याने मनातल्या मनात नमस्कार करा. मी मात्र तुमच्यापुढे खोटं बोलणार नाही.

काकू, दिसत नाही. पुन्हा सांगा ना.