कार्डांची भोके मीच बुजवली

ता. १२ जून १९७४

मी, मदीनाबी खाजा मिया, वय अंदाजे साठ, धंदा सरकारी कचेरीत झाडलोट व घरी वाकळा शिवणे, राहणार आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. परभणी. समक्ष हजर राहून सांगते ते असे.

कचेरीतले कारकून सोनाजी खिल्लारे यांना मी सात वर्षांपासून ओळखते. माझे मालक वारले तेव्हा कचेरीतून तेवढेच घरी आले होते. ते मला मावशी म्हणतात. अकरा वर्षे हंगामी राहून ते या चैत्रात कायम झाले. पहिला पेढा त्यांनी मला दिला, साहेबांना नंतर.

कोणत्या गावाला पाण्याची तकलीफ जास्त हे आता मुंबईचे मशीन ठरवणार व तिथे आधी बोअर पाडणार, असे कचेरीत बोलत होते. त्यासाठी जाड कागदाची कार्डे तपासणीला आली. दर गावाचे एक. ती पेटी सोनाजींच्या ताब्यात होती.

रविवारी, ता. ९ रोजी सकाळी झाडताना पेटी उघडी दिसली. कार्डांना जागोजागी बारीक भोके होती. उंदरांनी कुरतडली असे मला वाटले. भोके चौकोनी कशी, हेही मनात आले. पण सरकारी कचेरीतले उंदीर, त्यांची तऱ्हा वेगळी असेल. कायम होऊन दोन महिने, आणि आता साहेब याच लेकराला बोल लावणार.

मी घरून ज्वारीच्या पिठाची खळ आणली. जुन्या कॅलेंडरचा कोरा कागद कातरून एकेक भोक बुजवले. दुपार टळेपर्यंत चाळीस कार्डे झाली. उंदीर परत येऊ नयेत म्हणून पेटीत कडुलिंबाचा पाला घातला. मला हे कोणी सांगितले नव्हते.

सोमवारी सोनाजींनी पेटी उघडली आणि एकेक कार्ड उजेडाकडे धरून पाहिले. मी म्हटले, "काहून रे बाबा? उंदरानं खाल्लेलं म्या नीट करून ठेवलं."

ते म्हणाले, "मावशी, ती भोकं म्हंजीच लिहिलेलं हाय. मशीन तेच वाचतंय."

मला रडू फुटले. ते म्हणाले, "रडू नका. रजिस्टर हाय, कार्डं दुसरी करता येतील. तुमी घरी जा, अन् कोणापाशी बोलू नका." मी ऐकले, ही माझी चूक.

आज पोलीस चौकीचे जमादार बाबूसिंग यांनी सांगितले की साहेबांची तक्रार आहे, आणि 'माझ्याच हातून खळ सांडली' असे सोनाजींनी लिहून दिले आहे. त्यांची नोकरी जाईल. सांडलेल्या खळीवर कातरलेले कागद कुठून आले? त्या माणसाला खोटेसुद्धा धड बोलता येत नाही.

झाडलोट गेली तरी मला वाकळा आहेत. त्यांच्यापाशी दुसरे काही नाही. त्यांचा कागद खोटा धरावा, माझा खरा धरावा. सोनाजी बाहेर बाकावर बसले आहेत. माझा अंगठा उठेपर्यंत त्यांना आत घेऊ नये. ते मला "न्हाई म्हणा" म्हणतील, आणि त्यांचे मी ऐकते.

हे सारे मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच बराबर उतरले आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: मदीनाबी खाजा मिया
समक्ष: बाबूसिंग, जमादार