आपल्याकडच्या बायकांचं रक्त

मी वळसंगची. जनम तितला, लगीन बी तितंच, एका गल्लीतनं उठून दुसऱ्या गल्लीत गेले एवढंच. घरात आई कानडी बोलायची, आप्पा बाजारात मराठी बोलायचे, आनि आमी पोरी दोनी भाषेत भांडायला तयार. शाळा सातवीपतूर झाली, मग आप्पा म्हनले बास झालं, आनि बासच झालं. नवरा चांगला होता, खोटं कशाला बोलू, पन काविळीनं गेला, पोरगी शोभा तवा माझ्या कमरंएवढी होती. मग दिरानं वळक लावून सोलापुरात एका मोठ्या दवाखान्यात चिकटवलं, रक्त-लघवी तपासतात त्या लॅबमधी. झाडून काढायचं, बाटल्या आत नेऊन द्यायच्या, आलेल्या मानसाला बसा म्हनायचं, उठा म्हनायचं. तवापासनं मी सगळ्यांची मावशी. महादेवी म्हनून कुनी हाक मारली तर मलाच वाटतंय दुसऱ्या कुनाला बोलावतेत.

शोभाला म्या एकटीनं वाढवली आनि वैराग गावात दिली. त्यांची खानावळ हाय, बाजारच्या दिवशी पाय ठेवायला जागा न्हाय. मानसं वाईट न्हाईत हां, तुमी तसं लिहू नका. पन खानावळीच्या घरात सुनंनं भाकरी थापायची म्हंजे काय, ते एकदा बघून या. सकाळी चुलीम्होरं बसली की दुपारपतूर उठायचं न्हाय, आनि संध्याकाळी परत तेच. पहिलं बाळ झालं आनि पोरगी पिवळी पडली, पाण्याची कळशी उचलली की धाप लागायची, बोलता बोलता भिंतीला टेकायची. सासू म्हनायची, आमी न्हाय का केलं, आमाला न्हाय का पोरं झाली. लेकीची आई हाय मी, गप बसले.

मग एकदा माहेरी आली तवा तिला आमच्या लॅबमधीच नेली, रक्त काढलं. आमच्यात कसं हाय, आकडा कमी-जास्त आला की मशीन त्याच्या शेजारी एक चांदनी छापतंय. शोभाच्या हिमोग्लोबीनला चांदनी आली. काय सांगू तुमाला, माझ्या तोंडानं जे झालं न्हवतं ते त्या चांदनीनं केलं. सासूला वाचता येत न्हाय, पन चांदनी दिसली की. घाबरली बिचारी. दुपारच्या भाकऱ्यांना एक बाई लावली, शोभाला गोळ्या, गूळ-शेंगदाने, दुपारची घटकाभर झोप. पोरगी जरा मानसात आली. फोनवर हसायला लागली होती.

त्याच सुमाराला आमच्या डाक्टर मॅडमनी ते काम काढलं. लई चांगली बाई, मला खुर्चीवर बसवून समजावून सांगितलं. म्हनल्या, मावशी, एवढं असलं तर मानूस बरा आनि एवढं असलं तर आजारी, हे जे मशीनमधी आकडे घातलेत ना, ते हितले न्हाईत, परमुलखातल्या मानसांचं रक्त बघून ठरवलेत. आपली मानसं ज्वारी खातात, उन्हात राबतात, तर आपल्याकडच्या निरोगी मानसांचं रक्त बघून आपलं माप ठरवायला पाहिजे. मला पटलं की. कापड आपल्या अंगाला लावूनच मापायचं असतंय. त्या म्हनल्या तुमच्या गावाला जाऊ, तुमी बरोबर चला, लोकं सुईला भितात. मी म्हनले, चला.

पन मॅडमच्या वर एक मोठे सर होते. ते म्हनले पंचमीच्या दिवशी जा, सगळ्या लग्न झालेल्या पोरी माहेरी आलेल्या असतात, एका जागी गावतील, एका दिवसात काम उरकंल. बाप्यांचं रक्त तालमीत जाऊन काढलं, आनि बायकांचं मठाच्या ओसरीवर. चिंचेला झोका बांधलेला, पोरींच्या हातात नव्या बांगड्या, मेंदी, सुई टोचायला बांगड्या वर सारताना सगळ्या हसायल्या. एक शिकाऊ डाक्टर पोरगा टेबलावर बसून इचारायला, काही त्रास आहे का, दम लागतो का, चक्कर येते का. भवताली आई उभी, वहिनी उभी, शेजारीन उभी. तुमीच सांगा, पंचमीला माहेरी आलेली पोरगी काय सांगंल? त्रास हाय म्हनली तर आई सन सोडून रडत बसंल, वहिनी गल्लीभर करंल, आनि सासरी कानावर गेलं तर म्होरल्या पंचमीला धाडायचे न्हाईत. आमच्यात रीतच हाय, माहेरच्या उंबऱ्यात लेकीनं बरी हाय म्हनायचं. कानडीत चलो अदीनि म्हनतात, तेच. एकेक पोरगी येऊन तेच सांगून जात होती. माझी शोभा बी तितंच होती, अजून पुरती भरून आली न्हवती, स्टँडवरनं घरी येताना वाटंत टेकायला लागलेली, ती बी म्हनली, कायबी त्रास न्हाय. त्यानं निरोगी म्हनून लिहून घेतलं. मी तितंच चहा वाटत होते, कुनाला चहा, कुनाला दूध.

बायकांचे आकडे लई खाली आले, मॅडमनी डोस्क्याला हात लावला. म्हनल्या, ह्या निरोगी न्हाईत, ह्यास्नी आधी चार-सहा महिने लोहाच्या गोळ्या देऊ, मग एकेकीला एकटीला बसवून इचारू, परत रक्त काढू, तवाच माप ठरवता येईल. सर म्हनले विचारायचं ते विचारलं, त्या बऱ्या आहेत म्हनाल्या, आता मुदत संपत आली. दार बंद होतं तरी बाहेर ऐकू येत होतं. लई दिवस चाललं ते. शेवटाला मॅडमच दुसऱ्या गावाला नोकरी धरून गेल्या. जाताना माझा हात धरला, नंबर दिला. आनि सरांनी त्याच पोरींच्या रक्तावरनं काढलेले नवे, खालचे आकडे मशीनमधी घातले.

त्या दिवाळीनंतर शोभा दोन जिवाची झाली. जावई तिला घेऊन सोलापूरला आला, रक्त तपासलं, कागद त्यानंच खिडकीतनं घेतला. आकडा पयल्यापेक्षा जरासा कमीच होता. पन चांदनी न्हवती. त्याला लई आनंद झाला, खरंच झाला हो, मला पाया पडला, म्हनला आई, आता बरी झाली की ही. मी म्हनले, आकडा बघा ओ, चांदनीचं सोडा, आकडा बघा. त्यो म्हनला, आई, एवढं मोठं मशीन हाय, ते कशाला खोटं सांगंल. आठवडाभरात भाकरीची बाई बंद केली.

मी सरांकडं गेले. पयल्यांदाच गेले, चप्पल बाहेर काढून. म्हनले साहेब, माझी लेक हाय, पोटुशी हाय, तिला उभं राहवत न्हाय, एवढं कागदावर लिहून द्या. त्यांनी कागद बघितला, मान वर केली न्हाय, म्हनले, मावशी, आपल्याकडच्या बायकांचं एवढंच असतं. गोळ्या लिहून दिल्या, ते बी घाईघाईनं. मी बाहेर आले आनि जिन्यात बसले. मला कळंना की त्या माणसाला शिव्या द्याव्या का माझ्याच गावाला. त्या मापात माझ्या बहिनीच्या पोरी हायत, शेजारच्या हायत, माझी शोभा हाय. सगळ्या अशक्त पोरी वळीनं उभ्या केल्या आनि म्हनले हे बघा, बाई एवढीच असती.

आता कसं चाललंय म्हनता? चाललंय. बायका खिडकीवर कागद घ्यायला येतात, चांदनी दिसत न्हाय, खुशीत घरी जातात. मी कुनाकुनाला म्हनते, बाई, आकडा डाक्टरला परत दाखीव. ती माझ्याकडं बघती, ही झाडनारी मावशी, हिला काय कळतंय. बरोबर हाय तिचं. मॅडमचा नंबर माझ्याकडं होता, तो फोनच बिघडला.

शोभाला सातवा लागलाय. रोज सांच्याला मी फोन करते. आधी म्हनायची आई, आज धाप लागली, आज डोळ्याम्होरं अंधारी आली. आता म्हनत न्हाय. परवा मीच इचारलं, दम लागतोय का गं? मागं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ती म्हनली, आई, सगळ्याच बायकांना लागतोय की, तू उगंच माझ्या मनात भरवतीस. माझ्या लेकीला बी पटवलं त्यांनी. मी फोन ठिवला आनि त्या दिवशी जेवले न्हाय.

दोन महिने ऱ्हायलेत. बाळंतपनात रक्त जातंय, आनि अंगातच नसंल तर जानार कुठनं, ह्याच्याम्होरं माझं डोस्कं चालत न्हाय. तुमी चहा घ्या, निवला तो. तुमच्या घरच्या लेकीबाळी बऱ्या राहू देत बाबा. आनि बऱ्या नसल्या, तर त्यास्नी तसं म्हनता येऊ दे.